वहीतल्या दोन तक्रारी

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत वॉचमनच्या टेबलावर एक तक्रारवही असते. गेल्या पावसाळ्यात तिच्या एकाच पानावर दोन नोंदी झाल्या. पहिली माझ्याविरुद्ध : 'रात्रभर घूं घूं आवाज येतो, आत कसलं तरी मशीन चालतं.' दुसरी निनावी : 'बी विंगच्या जिन्यात अकरानंतर गांजाचा वास येतो.' सेक्रेटरींनी मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत दोन्ही एकत्र केल्या आणि वर मथळा दिला, 'सदनिकांमधील संशयास्पद प्रकार'.

आधी मला हसू आलं. नंतर वाटलं, सेक्रेटरींनी नकळत बरोबर जोडी लावली आहे. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, बारा वर्षांपासून बिटकॉइनच्या नादात आहे, आणि नोकरीच्या सुरुवातीची पाचेक वर्षं गांजाही ओढलेला आहे. (हा कबुलीजबाब समजू नये. अमली पदार्थांच्या प्रकरणात तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाबसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तूफान सिंग खटल्यात सांगितलंय. मग लेखातला तर सोडाच.) त्यामुळे दोन्ही तक्रारींवर बोलायचा थोडा अधिकार मला पोचतो.

आधी आवाजाचं बोलतो, कारण तो गुन्हा माझा. २०२१ साली, घरून काम चालू होतं तेव्हा, मी बेडरूमच्या कोपऱ्यात लोखंडी रॅकवर चार ग्राफिक्स कार्डं लावून इथेरियम या बिटकॉइनसारख्याच डिजिटल चलनाचं माइनिंग (म्हणजे संगणकाला जुंपून बदल्यात नवी नाणी मिळवणं) करत होतो. मे महिन्यात ती खोली इडलीपात्र झाली. खोली गार ठेवायला एसी, एसीला वीज, आणि विजेचं बिल भरायला इथेरियम. हिने एकदा हिशेब मांडून विचारलं, "म्हणजे आपण महावितरणसाठी माइनिंग करतोय का?" पुढे १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने माइनिंगची पद्धतच सोडून दिली आणि माझी कार्डं रातोरात गेम खेळण्यापुरती उरली. पडेल त्या भावाने विकून टाकली. तक्रार त्या काळात झाली असती तर मी निमूट मान खाली घातली असती.

आज घरात आहे तो एक नोड, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांची प्रत ठेवून ते तपासणारं यंत्र. रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, त्याला जोडलेली दोन टीबीची एसएसडी, आणि वर बोटभर पंखा. सगळं मिळून चपलांच्या खोक्यात मावेल. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेने त्या पंख्याचं बेअरिंग गेलं होतं, घूं घूं आवाज त्याचाच. बिटकॉइनमध्ये ३ जानेवारी २००९ पासून झालेला प्रत्येक व्यवहार या डबड्यात आहे. ती नोंद आता सहाशे जीबीच्या पुढे गेली आहे. सरासरी दर दहा मिनिटांनी नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, येतो. डबडं तो तपासतं : सह्या जुळतात का, तेच नाणं दोनदा खर्चलेलं नाही ना, आणि एप्रिल २०२४ पासून ठरल्याप्रमाणे एका ब्लॉकमागे ३.१२५ पेक्षा जास्त नवी नाणी कुणी काढली नाहीत ना. जुळलं नाही तर ब्लॉक नाकारतं. तो जगातल्या सर्वांत मोठ्या माइनरने पाठवलेला असला तरी.

याचे मला पैसे मिळत नाहीत. साधारण आठ वॅट वीज लागते, म्हणजे महिन्याला सहा युनिटच्या आत. शेजारी विचारतात, मग फायदा काय? त्यांना मी आईची गोष्ट सांगतो. वाण्याकडे आमचं खातं असायचं. वाणी त्याच्या वहीत लिहायचा आणि आई घरच्या वहीत. महिन्याच्या एक तारखेला दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्याशिवाय पैसे दिले जात नसत. वाणी लबाड होता असं नाही. चांगला माणूस होता. पण आईची वही होती म्हणूनही तो चांगला राहिला असेल, असं आता वाटतं. माझा नोड म्हणजे ती घरची वही.

ऐरोलीपासून महापेपर्यंतच्या पट्ट्यात देशातली भलीमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. तुमचे फोटो, बँकेचे व्यवहार, ऑफिसच्या मेल, यातलं बरंच काही त्या बिनखिडक्यांच्या इमारतींत असेल. त्यांच्या सावलीत एक डबडं चालवणं हा निव्वळ छंद वाटतो. पण २०१७ साली बिटकॉइनच्या ब्लॉकचा आकार वाढवायचा की नाही यावर भांडण पेटलं, तेव्हा पन्नासहून जास्त कंपन्या आणि बहुसंख्य माइनर एका बाजूला होते. घरोघरी नोड चालवणाऱ्यांनी सांगितलं, तुमचे मोठे ब्लॉक आम्ही स्वीकारणारच नाही. नोव्हेंबरात कंपन्यांनी बेत गुंडाळला. एकट्या नोडवाल्यांमुळे तो गुंडाळला गेला असं मी म्हणणार नाही. पण घरच्या वह्या नसत्या तर नाही म्हणायला दुसरं कुणी उरलं नसतं.

घर माझं, म्हणून वाटेल ते चालवीन, असं मात्र माझं म्हणणं नाही. माइनिंगचं आजचं मोठं यंत्र सव्वातीन हजार वॅट खातं. दिवसाला ७८ युनिट, महिन्याला २,३४०. वर मिक्सर सतत चालू असल्यासारखा आवाज. शेजाऱ्याने तसलं यंत्र आणलं तर वहीत पहिली तक्रार मी लिहीन. कसोटी साधी आहे : भिंतीबाहेर काय येतं? आवाज, उष्णता, वास, ट्रान्सफॉर्मरवरचा भार. जे बाहेर येतं त्यावर सोसायटीने बोलावं, सरकारनेही बोलावं. जे आतच राहतं त्यावर बोलायला मात्र भक्कम कारण हवं.

आपले कायदे या कसोटीवर चालत नाहीत. ते एका वेगळ्याच, कुणी कधी मोठ्याने न बोललेल्या तत्त्वावर चालतात : स्वतः करू नकोस, मधल्या माणसाकडून विकत घे.

बिटकॉइनचंच बघा. २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. कर जास्त आहे यावर मी इथे रडत नाही. पण या कराच्या कलमात नफ्यातून वजा होते ती फक्त खरेदीची किंमत. एक्स्चेंजवरून, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडून, विकत घेतलं तर ती किंमत वजा. घरात वीज जाळून मिळवलं तर वीज आणि यंत्र यातलं काहीच वजा नाही. माइनिंगच्या साधनांचा खर्च ही खरेदीची किंमत धरली जाणार नाही, असं सरकारने त्याच वर्षी संसदेत सांगितलं. म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्याला सवलत आणि घरच्या जात्याला दंड. बरं, मधल्या माणसाकडे ठेव सुरक्षित असते म्हणावं तर जुलै २०२४ मध्ये एका भारतीय एक्स्चेंजवरून तेवीस कोटी डॉलरच्या आसपासचा ऐवज एका फटक्यात चोरीला गेला.

करात हे तत्त्व खिशाला चाट लावतं. गांजाच्या बाबतीत ते माणसाला तुरुंगात पाठवतं.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचं विसावं कलम वाचा. एक किलोपर्यंत गांजा ही 'अल्प मात्रा'. तो जवळ सापडला तर शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच कलमाच्या आधीच्या भागात रोप लावण्याची शिक्षा आहे : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. रोपं किती, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. डोंगरउतारावरची एकरभर शेती आणि बाल्कनीत तुळशीशेजारी ठेवलेली एक कुंडी, दोन्हींना तीच ओळ लागू. किमान शिक्षा ठरवलेली नाही, न्यायाधीश कमी देऊ शकतात, हे खरं. पण कायद्याचा कल कुठे आहे ते आकड्यांतच दिसतं. दलालाकडून पुडी आणणाऱ्याला जास्तीत जास्त एक वर्ष. दलालाचं तोंडही न बघता स्वतःपुरतं एक रोप लावणाऱ्याला दहा.

हा दलाल कोण असतो, ते आमच्या भागात वाढलेल्या कुणालाही विचारा. त्याच्या एका खिशात गांजा आणि दुसऱ्यात एमडी हे रासायनिक ड्रग. 'माल संपलाय भाई, हे घेऊन बघ' हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, एका रेल्वे स्टेशनबाहेरच्या टपरीमागे. मी ते बघितलं नाही, यात माझं कर्तृत्व फारसं नाही. खिशात तेवढे पैसे नव्हते. माझ्यासोबतच्या एकाकडे होते. त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहित नाही. नेदरलँड्सने १९७६ साली गांजा आणि हेरॉइन यांचे बाजार वेगळे करायचं धोरण घेतलं ते नेमकं यासाठी : गांजा घ्यायला गेलेल्या पोराची गाठ हेरॉइन विकणाऱ्याशी पडू नये. आपण नेमकं उलट केलं. दोघांना एकाच टपरीमागे आणून उभं केलं.

कायद्याला एवढं नाकं कशाला मुरडायची, असं कुणी म्हणेल. म्हणून हा कायदा कसा झाला तेही सांगतो. विधेयक २३ ऑगस्ट १९८५ ला लोकसभेत आलं आणि १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सहीही झाली. वीस वर्षांच्या शिक्षा असलेला कायदा एका महिन्याच्या आत. पुढे २०१४ च्या दुरुस्तीत तर असं झालं की आम्हा प्रोग्रामर लोकांना त्याची गोष्ट सांगताना गुदगुल्या होतात. व्याख्यांच्या यादीत मध्येच एक नवी व्याख्या घुसवली, त्यामुळे 'अवैध व्यापारा'ची जुनी व्याख्या एक पायरी खाली सरकली. पण अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला दहा ते वीस वर्षं देणारं कलम २७ अ जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिलं. त्या क्रमांकावर आता अत्यावश्यक औषधांची व्याख्या बसली होती! २०२१ साली त्रिपुरा उच्च न्यायालयापुढे हे उघडं पडलं, आणि वर्षाअखेरीस संसदेने १ मे २०१४ पासून लागू अशा मागच्या तारखेने क्रमांक दुरुस्त केला. सात वर्षं हा बग चालू कायद्यात होता आणि त्याच्या जोरावर माणसं आत जात होती.

बिटकॉइनमध्येही भयंकर चूक झालेली आहे. १५ ऑगस्ट २०१० ला एका बेरजेतल्या त्रुटीमुळे कुणीतरी १८,४०० कोटी नाणी हवेतून निर्माण केली. एकूण मर्यादा आहे २ कोटी १० लाखांची. काही तासांत दुरुस्ती आली आणि तो सगळा इतिहास टाकून पुन्हा लिहिला गेला. म्हणजे मागच्या तारखेने दुरुस्ती आम्हीही केलीच आहे, फार टेंभा मिरवायला नको. फरक इतकाच की आमच्या दुरुस्तीने कुणी तुरुंगात राहिलं नाही.

याहून मोठी गोष्ट मात्र १८९३-९४ ची आहे. गांजामुळे हिंदुस्थानात वेडाचार माजलाय अशी ओरड लंडनच्या संसदेत झाली, तेव्हा इंग्रज सरकारने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं. त्याने देशभर फिरून हजाराहून जास्त साक्षी घेतल्या. त्याचं मला सर्वांत आवडणारं काम वेगळंच आहे. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत शेकडो रुग्णांपुढे वेडाचं कारण म्हणून 'गांजा' लिहिलेलं होतं. कमिशनने १८९२ सालच्या नोंदी एकेक करून उलटतपासल्या. निघालं काय, तर रुग्णाला आणणारा पोलीस अर्जात कारणाचा रकाना रिकामा सोडायचा नाही म्हणून गांजा लिहायचा, आणि इस्पितळाचा कारकून ते तसंच उतरवून घ्यायचा. बहुतेक नोंदी टिकल्या नाहीत. काही टिकल्या, तेही कमिशनने स्वच्छ लिहिलं. शेवटी त्याने संपूर्ण बंदीच्या विरोधात आणि नियंत्रण व कर यांच्या बाजूने मत दिलं. वहीत लिहिलंय म्हणून मान्य न करता ती वही स्वतः तपासणारी ही माणसं. बिटकॉइनवाल्यांनी खरं तर यांचे फोटो भिंतीवर लावावेत.

पण वह्या तपासायच्याच तर स्वतःचीही तपासली पाहिजे, आणि इथे आमच्या बिरादरीतले बरेच जण गडबडतात. 'माझं शरीर, माझा नोड' म्हणणं सोपं आहे. मी ओढत होतो त्या काळात माझी ठाम समजूत होती की रात्री एक जॉइंट मारल्यावर कोड सुचतो. शेवटच्या वर्षी मी एका साध्या फाइलमध्ये नोंदी ठेवायला लागलो : तारीख, वेळ, ओढला की नाही, काय लिहिलं. सहा महिन्यांनी वाचायला बसलो. ओढलेल्या रात्रींचा कोड भरपूर होता. त्यातला निम्म्याहून जास्त मी दुसऱ्या दिवशी पुसलेला होता. शिवाय जी गोष्ट मी 'शनिवारपुरती' म्हणायचो ती आठवड्यातल्या पाच रात्रींवर कधी गेली, ते मला त्या फाइलशिवाय कळलंच नसतं. नोड बंद करायचा तर वायर ओढायची, संपलं. मशीनला तलफ येत नाही. गांजाची वायर ओढल्यावर मला तीन आठवडे नीट झोप नव्हती. 'याचं व्यसन लागत नाही' म्हणणाऱ्याशी मी हल्ली वाद घालत नाही, फाइल ठेव म्हणतो.

सरकारी आकडेही हेच सांगतात. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेला देशव्यापी पाहणी अहवाल २०१९ साली आला. वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेल्यांची संख्या त्यात ३ कोटी १० लाखांच्या घरात आहे आणि मदतीची गरज असलेल्यांची ७२ लाखांच्या आसपास. तीन कोटी लोक गुन्हेगार ठरवता येत नाहीत, आणि पाऊण कोटी लोकांकडे काणाडोळाही करता येत नाही. या ७२ लाखांतल्या एखाद्याला डॉक्टरकडे जावंसं वाटलं तर त्याला आधी भीती कशाची वाटेल? उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्याला संरक्षण देणारं ६४ अ हे कलम त्याच कायद्यात आहे. पण नशामुक्तीच्या आमच्या शहरभरच्या फलकांवर मला ते कधी ठळक दिसलं नाही; बेड्यांचं चित्र मात्र हटकून दिसतं.

बिटकॉइन आणि अमली पदार्थ हा विषय निघाला की कुणीतरी 'सिल्क रोड', म्हणजे बिटकॉइन घेऊन अमली पदार्थ विकणारा ऑनलाइन बाजार, काढतंच. काढा. तो बाजार २०१३ साली बंद पाडला गेला, आणि त्याच तपासातल्या दोन अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांनी मधल्यामध्ये बिटकॉइन लाटल्याचं पुढे उघड झालं ते या उघड्या वहीमुळेच. ज्याला लपवाछपवी करायची आहे त्याने सगळ्या जगाकडे प्रत असलेली वही वापरू नये.

मग मला हवंय काय? खुला बाजार नकोय. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियम मागाहून करू म्हटलं. गल्लोगल्ली दुकानं झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. मला कंपन्यांची जाहिरातबाजी नको, वाशीच्या मॉलमध्ये गांजाचं काउंटर नको. मधला माणूस टपरीमागचा काय किंवा सूटबूटातला काय. मला दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये जे मांडलं तेवढंच हवंय : प्रौढ माणसाने खासगी जागेत स्वतःपुरतं लावलं नि घेतलं, तर तो गुन्हा नाही. त्यांनी आधार घेतला तो खासगीपणाच्या हक्काचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी तोच हक्क मूलभूत असल्याचं २४ ऑगस्ट २०१७ ला सांगून ठेवलंय. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून घरात तीन रोपांची मुभा दिली आहे. आपण एकापासून सुरुवात करू. विसाव्या कलमात रोपांची संख्या हा प्रश्न विचारला जावा; एक-दोन रोपं आणि अल्प मात्रा यांवर फार तर दंड आणि समुपदेशन असावं. अठराखालच्या मुलाला देणं, घेऊन गाडी चालवणं, विकणं, यावर आहे तशी कडक कारवाई राहू दे. पाम बीच रोडवर रात्री गाड्या कशा पळतात ते बघितलेला माणूस दुसरं काही म्हणणार नाही.

यावर सर्वांत खरा आक्षेप मला घटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाचा वाटत नाही. आरोग्याला अपायकारक मादक पेयं आणि पदार्थ यांना प्रतिबंध करावा असं तिथे म्हटलंय, पण पेयांच्या बाबतीत सरकारने तो अनुच्छेद अबकारीच्या उत्पन्नासाठी केव्हाच गुंडाळून ठेवलाय. खरा आक्षेप बैठकीत आमच्या तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी घेतला. मी हे सगळं, थोडं लांबवून, बोललो. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं घर चार भिंतींचं, मान्य आहे. पण बी विंगमधलं ते पोर घरात कुठे ओढतंय? घरात आईबाप आहेत म्हणून तर जिन्यात येतंय. तुमच्या कायद्याने त्याला घर मिळणार आहे का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्याला स्वतःची खोली आहे, बाल्कनी आहे, त्याचा खासगीपणा मी मागत होतो. वन रूम किचनमध्ये पाच जणांत राहणाऱ्याला खासगी जागा म्हणजे जिनाच. त्याला माझी कसोटी लावली तर तो आजही दोषीच ठरतो. एवढंच म्हणालो की त्याला जिन्यातून हटवायला वॉचमन पुरे, पोलीस नकोत; एकदा गुन्हा दाखल झाला की पुढे पासपोर्टापासून नोकरीपर्यंत ते कागद त्याच्या मागे फिरतील. नोटिशीत 'तात्काळ पोलिसांना कळवण्यात येईल' असं होतं, त्याऐवजी 'प्रथम कुटुंबाशी बोलण्यात येईल' असं करा, ही माझी सूचना अकरा विरुद्ध चार मतांनी पडली. बाईंचं मत माझ्या बाजूने होतं.

नोटीस लागली. पंखा मी अडीचशे रुपयांत बदलला आणि सेक्रेटरींनी वहीत माझ्या नोंदीपुढे लाल पेनने 'निकाली' लिहिलं. दुसरीपुढची जागा अजून कोरी आहे. वास जिन्यात येत नाही आता; गच्चीवर येतो.